बायको, मुलगा आणि दास : मनुस्मृतीतल्या एका श्लोकाची पार्श्वभूमी

मनुस्मृतीचा आठवा अध्याय राजाने खटले कसे चालवावेत याचा. त्याच्या अगदी शेवटी ४१६ वा श्लोक येतो : ‘भार्या पुत्रश्च दासश्च त्रय एवाधनाः स्मृताः । यत्ते समधिगच्छन्ति यस्य ते तस्य तद्धनम् ॥’ बायको, मुलगा आणि दास या तिघांचं स्वतःचं असं धन नसतं. ते जे मिळवतील ते, ज्याचे ते असतील त्याचं. मनू आणि स्त्रिया असा वाद निघाला की ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ हेच वचन सगळ्यांच्या ओठावर येतं. हा श्लोक मागे राहतो. पण घर, जमीन, दागिने यांवरच्या भांडणात खरी कळ इथेच आहे.

अशा वचनांबद्दल ‘संदर्भ बघा’ असं हमखास सुचवलं जातं. बघायलाच हवा. फक्त संदर्भाने वचन मवाळच होतं हा समज सोडून द्यावा लागतो. आधीच्या, ४१५ व्या श्लोकात दासांचे सात प्रकार दिलेत : युद्धात पकडलेला, पोटासाठी दास झालेला, घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, कोणी दिलेला, वडिलार्जित आणि दंडापायी दास झालेला. पुढच्या, ४१७ व्या श्लोकात ब्राह्मणाने शूद्राचं द्रव्य निःशंकपणे घ्यावं असं म्हटलंय. या दोहोंच्या मध्ये भार्या येते. कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात काय काय असतं याचीच ती मोजदाद आहे.

मात्र हे वचन एकट्या मनूचं नाही. नारदस्मृतीत ते जवळपास असंच आहे आणि महाभारतात तर अनेकदा भेटतं. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला ऐकवतो की दास, शिष्य आणि अस्वतंत्र नारी हे तिघे अधन. तू दासाची बायको, तेव्हा तूही आता दुसऱ्याची मालमत्ता. तिचा प्रश्न कायद्याचाच होता : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावायला त्याच्याकडे उरलंच काय? भीष्म म्हणतात, जो स्वतःचाच मालक नाही तो दुसऱ्याचं काही पणाला लावू शकत नाही; पण बायका नवऱ्याच्या अधीन असतात हेही दिसतं, म्हणून मला नीट सांगता येत नाही. म्हणजे नियम सगळ्यांना पाठ होता, आणि तो शेवटपर्यंत ताणला की काय होतं हे त्याच सभेला दिसत होतं.

आदिपर्वात याच श्लोकाचा वापर एक बाई करते. शर्मिष्ठा ययातीला सांगते की बायको, दास आणि मुलगा अधन. मी देवयानीची दासी, देवयानी तुझी, म्हणजे मीही तुझीच. तिला त्याच्यापासून मूल हवं असतं आणि तिला बांधणारा नियमच ती पुढे करते. एकच वचन, कर्णाच्या तोंडी वेगळं आणि शर्मिष्ठेच्या तोंडी वेगळं.

श्लोकाची सगळ्यात कसून उलटतपासणी झाली ती मीमांसकांकडे, म्हणजे वेदवचनांचा अर्थ कसा लावायचा हे ठरवणाऱ्या शास्त्र्यांकडे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात, प्रश्न आहे की यज्ञ करायचा अधिकार बायकांना आहे का. पूर्वपक्षाचं, म्हणजे आधी मांडून मग खोडायच्या बाजूचं, म्हणणं रोखठोक आहे : यज्ञाला द्रव्य लागतं, बायकांकडे ते नसतं, उलट लग्नात त्यांचीच खरेदी होते, शिवाय स्मृती त्यांना निर्धन म्हणते. शबरस्वामी आपल्या भाष्यात हा श्लोक, शब्द थोडे इकडेतिकडे करून, पूर्वपक्षाच्या तोंडी घालतो आणि मग खोडून काढतो. लग्नातलं देणं ही किंमत नव्हे, कारण किंमत मालाप्रमाणे कमीजास्त होते. इथे मुलगी देखणी असो वा नसो, शंभर गाई आणि रथ हे ठरलेलंच. (युक्तिवाद अस्सल शास्त्र्याचा आहे, त्या मुलीला त्याने कितपत समाधान वाटलं असतं कोण जाणे.) आणि निर्धनत्वाबद्दल तो म्हणतो की स्मृतीत असलं तरी ते अन्याय्यच, कारण श्रुतीशी जुळत नाही. घरातल्या सामानसुमानावर पत्नीची सत्ता असते असं वेद म्हणतो. म्हणून या स्मृतिवचनाचा अर्थ एवढाच घ्यायचा की व्यवहारात ती स्वतंत्र नाही.

हा ‘एवढाच’ पुढे फार महागात पडला. मालकी तिची, हुकूम त्याचा, ही फोड इथेच पक्की झाली. त्याच पादात पुढे जैमिनीही पत्नीला यज्ञात बरोबरीने वागवत नाही. ती त्याच्यासारखी नाही, म्हणून तिच्यासाठी जे सांगितलंय तेवढंच तिने करायचं. शतकांनंतर मनुस्मृतीवर टीका, म्हणजे भाष्य, लिहिताना कुल्लूकभट्ट हीच वाट धरतो : पुढे नवव्या अध्यायात मनूच सहा प्रकारचं स्त्रीधन सांगणार आहे, तेव्हा इथे फक्त पारतंत्र्य दाखवायचं आहे. टीकाकारांना श्लोक आणि व्यवहार यांतली विसंगती दिसत होती आणि ती लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण बाईला तिच्या पैशाचं काय करायचं ते करू द्या, असं त्यांच्यापैकी बहुतेकांनी म्हटलं नाही.

विसंगती होतीच. नवव्या अध्यायातला १९४ वा श्लोक अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि भाऊ, आई, वडील यांच्याकडून आलेलं असे स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजतो. आठव्या अध्यायाच्याच सुरुवातीला म्हटलंय की बाई जिवंत असताना तिचं धन बळकावणाऱ्या नातेवाइकांना राजाने चोराची शिक्षा द्यावी. शिक्षा सांगावी लागते याचा अर्थ बळकावणारे होते. कौटिल्य आणखी हिशेबी : उपजीविकेसाठी ठेवायच्या रकमेला दोन हजार पणांची (पण हे तेव्हाचं नाणं) मर्यादा, दागिन्यांना मर्यादा नाही. दुसरीकडे कात्यायन या स्मृतिकाराने बाईने कारागिरी करून मिळवलेला पैसा नवऱ्याच्या मालकीचा ठरवून टाकला. दिलेलं तिचं, कमावलेलं त्याचं.

मनुस्मृतीच्याच सुमारास, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा स्वतःच्या नावाने खोली दान करते; गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री अख्खं लेणं खोदवून भिक्षूंना देते. या राजघराण्यातल्या बायका, त्यांच्यावरून शेतकऱ्याच्या घराचा अंदाज बांधू नये. पण दान द्यायला द्रव्य लागतं, आणि शिलालेखात नाव तिचंच आहे.

यादीतला मधला माणूस, पुत्र, याच्याकडे वाचणाऱ्यांचं लक्ष सहसा जात नाही. त्याची सुटका मोठी सुखासुखी झाली. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या छायेत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच असतो हे ठासून मांडलं. अधन ठरवलेला मुलगा पाळण्यातच वाटेकरी झाला, आणि मनूचं वचन त्याला आडवं आलं नाही. शिकूनसवरून त्याने कमावलेला पैसा कुटुंबाचा की त्याचा हा वाद तेवढा राहिला. तोही बॅरिस्टर मु. रा. जयकर यांनी पुढाकार घेतलेल्या १९३० च्या कायद्याने मिटला. दासाचा प्रश्न कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने निकालात काढला, निदान कागदोपत्री.

बायकोचं घोडं अडलं. विज्ञानेश्वराने तिच्यासाठीही दार उघडलं होतं. याज्ञवल्क्याच्या स्त्रीधनाच्या यादीतल्या ‘आद्य’ या शब्दात त्याने वारशाने, खरेदीने, वाटणीने मिळालेलं सगळं बसवलं. बंगालमध्ये जीमूतवाहनाने आपल्या दायभाग या ग्रंथात उलट, नवऱ्याला न विचारता जे ती विकू-देऊ शकते तेवढंच स्त्रीधन, अशी आखूड व्याख्या केली. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत लिहिलेला व्यवहारमयूख पश्चिम भारतात प्रमाण मानला गेला, आणि त्यामुळे मुंबई इलाख्यात बहिणीलाही वारसांत जागा मिळाली.

मग इंग्रज आले. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली ठरवलं की हिंदूंचे वारसा-विवाहाचे वाद शास्त्राप्रमाणे चालवायचे. १७९४ मध्ये विल्यम जोन्सचा इंग्रजी मनू आला, १८१० मध्ये कोलब्रुकने मिताक्षरा आणि दायभागातली वारशाची प्रकरणं इंग्रजीत आणली. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनने जरा वेगळा मार्ग धरला : १८२७ च्या कायद्यात देशरिवाजाला आधी स्थान दिलं, आणि आर्थर स्टील याच्याकडून जातीजातींच्या चाली लिहवून घेतल्या. तरीही एकूण परिणाम असा झाला की ज्या ग्रंथांत दर पानावर ‘कोणी म्हणतात’ आणि ‘ते बरोबर नाही’ चाललेलं असे, त्यांतून कोर्टाला एकच उत्तर हवं होतं. १८६७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हा भारतातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायासनाने, निकाल दिला की नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता विधवेचं स्त्रीधन होत नाही. विज्ञानेश्वराचं मत उघड उलट असताना! विधवेने जन्मभर उपभोग घ्यायचा, गरजेशिवाय विकायचं नाही, आणि तिच्यामागे सगळं नवऱ्याच्या भाऊबंदांकडे जायचं. हा निकाल देणाऱ्यांच्या स्वतःच्या देशातही तेव्हा लग्नानंतर बायकोची बहुतेक जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. तिथला कायदा १८७० आणि १८८२ मध्ये बदलला. भारतात १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला खरा, पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन स्त्रियांना तो लागूच नव्हता.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, ते मुख्यतः अस्पृश्यतेच्या संदर्भात. पण डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर जो लेख लिहिला त्यात हाच श्लोक आहे : मालमत्तेच्या बाबतीत मनूने बायकोला दासाच्या पंक्तीला बसवलं. शास्त्र्यांनी हजारभर वर्षं ‘भार्या’ला ‘दासा’पासून वेगळं काढायला केलेली कसरत बाजूला ठेवून त्यांनी श्लोक आहे तसा वाचला. मला हे वाचन जास्त प्रामाणिक वाटतं, कारण पंगत त्यांनी मांडलेली नाही, ती श्लोकातच आहे. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडलं.

मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये विधवेला मुलाबरोबर वाटा मिळाला होता, पण तोही हयातीपुरताच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने तिची मालकी पूर्ण झाली. कोणत्याही मार्गाने मिळालेली मालमत्ता तिचीच, असं ते कलम म्हणतं, आणि त्यातली वारसा-खरेदी-वाटणीची यादी वाचताना मिताक्षरा आठवल्याशिवाय राहत नाही. मुलीला जन्मतः वाटेकरी करायला महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा केला, देशाने २००५ मध्ये. २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणं जरुरीचं नाही. मुलाला हा जन्मसिद्ध हक्क मिताक्षरेपासून होता.

आता तलाठी कार्यालयात वारसनोंदीला बहिणींची नावं लागतात. मग कधी भाऊबीजेच्या आगेमागे, कधी वडिलांचे दिवस झाल्याझाल्या, दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र केलं जातं. मोबदल्याच्या रकान्यात बहुधा काही नसतं. ‘माहेर तुटायला नको’ एवढं एक कारण पुरतं.