कन्नड राजघराण्यांची पार्श्वभूमी : बनवासी ते कल्याणी

अशोकाचे मस्की आणि ब्रह्मगिरी येथील लेख आजच्या कर्नाटकात असले, तरी त्यांची भाषा प्राकृत आहे. पुढे सातवाहनांनीही राज्यकारभारासाठी प्राकृतच वापरली. कन्नड मुलखातले म्हणता येईल असे पहिले मोठे राजघराणे चौथ्या शतकाच्या मध्यास उदयाला आले, ते बनवासीच्या कदंबांचे.

त्यांच्या उदयाची हकिकत शिमोगा जिल्ह्यातील तालगुंदच्या स्तंभलेखात कोरलेली आहे. मयूरशर्मा हा ब्राह्मण तरुण वेदाध्ययनासाठी कांचीच्या घटिकेत, म्हणजे विद्यापीठात, गेला, तेथे पल्लवांच्या घोडेस्वाराशी त्याचे भांडण झाले, आणि दर्भ-समिधा धरण्यास सरावलेल्या हाताने त्याने तलवार उपसली. हा लेख संस्कृतात आहे. सुमारे ४५० मधला हल्मिडीचा सोळा ओळींचा दानलेख मात्र कन्नडमध्ये आहे, आणि माझ्या मते या भाषेला राजाश्रय मिळू लागल्याची ती खूण कोणत्याही विजयापेक्षा मोलाची आहे.

दक्षिणेस तलकाडचे गंग राज्य करीत होते. त्यांचा मंत्री चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची मूर्ती घडवली. तिच्या पायाशी कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, तर मराठीत ‘करवियलें’ असे कोरलेले आहे. दोन्हींचा अर्थ एकच.

बदामीचा किल्ला चालुक्य पहिल्या पुलकेशीने ५४३ मध्ये बांधला. दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती ऐहोळेच्या मेगुती जिनालयावर ६३४ मध्ये कोरली गेली. कनौजच्या हर्षवर्धनाला रोखणारा हा राजा नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन विभागांचा, अधिपती झाला, असे तीत कवी रविकीर्ती सांगतो. ७५३ च्या सुमारास दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता मोडून राष्ट्रकूटांचे राज्य उभे केले. वेरूळचे कैलास लेणे कोरवून घेणारा पहिला कृष्ण आणि मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या मळखेडहून, राज्य करणारा अमोघवर्ष हे याच घराण्यातले. अमोघवर्षाच्या दरबारात रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरल्याचे म्हटले आहे. आजच्या सीमारेषा मनात धरून हा इतिहास वाचणारा माणूस येथेच अडखळतो.

९७३ मध्ये चालुक्य कुळातल्या तैलपाने राष्ट्रकूटांचा पाडाव केला आणि पुढे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, चालुक्यांची राजधानी झाली. त्यांच्या काळातले कन्नड शिलालेख सोलापूर परिसरात आजही सापडतात. देवगिरीचे यादव आणि द्वारसमुद्राचे होयसळ ही दोन्ही घराणी आरंभी याच चालुक्यांची मांडलिक होती. बाराव्या शतकात कल्याणीची सत्ता खचल्यावर दोघांनीही स्वतंत्र राज्ये थाटली.