स्टिकरचं पाणी आणि दणकट फोन

ऑक्टोबर छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणीची धांदल सुरू होते. पहाटे दव, दिवसा औषध. हात कोरडा असा राहतच नाही. म्हणून माझ्या चुलतभावानं नाशिकला येऊन एक दणकट फोन घेतला. विटेसारखा जाड, कोपऱ्यांना रबर, पाठीवर स्क्रू. आठ दिवसांनी त्याचा मला फोन आला. मी हॅलो हॅलो करतोय आणि तिकडून नुसता फवारणीच्या ब्लोअरचा आवाज. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "मी कुठं लावला? हा आपला आपणच लावतोय. येड लागलंय याला."

फोन शहाणाच होता. भावानं सेटिंगमध्ये जाऊन ग्लोव्ह मोड, म्हणजे हातमोजे घालूनही पडदा चालावा अशी सोय, चालू करून ठेवला होता.

बऱ्याच फोनच्या काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. या पट्ट्यांमध्ये सतत थोडा विद्युतभार खेळत असतो. बोट जवळ आलं की त्यातला काही भार बोटाकडे वळतो आणि तेवढाच फरक फोन मोजतो. फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो स्पर्श, नाहीतर सोडून द्यायचा. हातमोजा घातला की बोट लांब जातं आणि फरक क्षीण होतो. ग्लोव्ह मोड ही मर्यादा खाली आणतो. पण मग थेंबसुद्धा त्या मर्यादेत येतो. त्यात बोर्डोचं पाणी, म्हणजे मोरचूद आणि चुना. क्षारांमुळे ते साध्या पाण्यापेक्षा वीज बरी वाहून नेतं. ओल्या हातात फोन असला की पडद्यावरचा ओघळ बोटाला जोडला जातो आणि फोनला वाटतं, एक लांबलचक बोट तीन-चार ठिकाणी टेकलंय. मोजे घालून कोरडं काम असेल, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये असतं तसं, तर हा मोड वरदान. बागेत तो बंद बरा.

भावाचा दुसरा उद्योग म्हणजे टेम्पर्ड ग्लास. चाळीस-पन्नास रुपयांची, फक्त कडेला गोंद असलेली. ती लावल्यावर पडदा बोटालाही नीट दाद देईना, म्हणून तर त्यानं ग्लोव्ह मोड शोधला! दोष काचेच्या जाडीचा नव्हता. बोटाचा परिणाम काचेतून सहज पोचतो. काचेचा डायलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विजेचा हा परिणाम पलीकडे पोचू देण्याचं माप, सातच्या आसपास आणि हवेचा एक, म्हणजे एक मिलिमीटर हवेची फट सात मिलिमीटर काचेइतकी आडवी येते. कडेला चिकटलेल्या ग्लासखाली मधोमध हीच फट राहते. पूर्ण पृष्ठभागाला चिकटणारी ग्लास थोडी महाग पडते, पण ती लावल्यावर सेटिंगला हात लावायची गरज सहसा पडत नाही.

आता खोक्यावरचे आकडे. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत शिरू न देण्याचा दर्जा. आयपी६८ मधला ६ धुळीचा, म्हणजे आत धूळ अजिबात नाही. ८ पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक, किती ते कंपनीनं सांगायचं. काहींवर आयपी६९के असतं, म्हणजे सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्याचा जोरदार फवारा. हे वाचून भाऊ फोन सरळ फवारणीच्या गनखाली धरायला लागला.

पण या चाचण्यांमधलं पाणी साधं, स्वच्छ असतं. बागेतल्या पाण्यात स्टिकर असतो, म्हणजे औषध पानावर पसरून चिकटावं म्हणून मिसळलेलं द्रव्य.

फोन सगळीकडून बंद वाटला तरी त्याला श्वास घ्यावा लागतो. उन्हात आतली हवा फुगते, थंडीत आक्रसते. पूर्ण कोंडली तर तो दाब रबरी सीलवर येईल. शिवाय स्पीकर आणि माइकला आवाज जायला वाट हवी. म्हणून त्या भोकांमागे ताणलेल्या टेफ्लॉनचा बारीक पडदा बसवतात. त्याच्या छिद्रांतून हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. कारण पाण्याचा पृष्ठताण जास्त (मीटरला सुमारे ७२ मिलीन्यूटन) आणि टेफ्लॉनला पाणी नकोसं, म्हणून थेंब गोळा होऊन बाहेरच राहतो. द्राक्षाच्या पानावरही थेंब असाच गोळा होऊन ओघळतो, म्हणून तर आपण औषधात स्टिकर घालतो. स्टिकर-स्प्रेडर पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो, थेंब पानावर पसरतो. भोकांमागच्या टेफ्लॉनवरही तो तसाच पसरायला बघतो. साबणाच्या पाण्याचं तेच. फवारा उडाला तर फोन साध्या पाण्यानं हलक्या हातानं धुवायचा आणि तोंड खाली करून वाळू द्यायचा. आवाज दबला म्हणून भोकात सुई घालणाऱ्याला तर काय सांगावं? मळ निघतो, टेफ्लॉनही फाटतं.

याच भोकांतून फोनमधला दाबमापक बाहेरची हवा मोजतो. साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर, १५६७ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या भागानं कमी असतो. भोकं झाकणारं कव्हर असेल तर हा फरक कळायला उशीर होतो. चुंबकाचा होल्डर होकायंत्रालाही चकवतो. ट्रॅक्टरवर लावायचाच तर चिमट्याचा घ्यावा.

चार्जिंगच्या पोर्टवरचं रबरी झाकण नीट दाबलेलं असेल तरच तो आयपी आकडा खरा. ओल्या पोर्टात वायर घातली की विजेमुळे पिना गंजतात. पाठीवर चार्जिंगचे बिंदू असतील तर डॉक, म्हणजे फोन नुसता ठेवून चार्ज करायचा स्टँड, घ्यावा, झाकण उघडायलाच लागत नाही.

गळ्यातली दोरी मला मुळीच आवडत नाही. पाव किलोहून जड फोन झुलतो आणि मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळतो. अमेरिकन लष्कराच्या ८१०जी मानकात १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. पण पाडतात काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर, आणि हे २६ आपटे पाच फोनांत वाटून घ्यायची मुभा आहे. अँगल प्लायवुडचा नसतो आणि भावाकडे फोन एकच.

आता त्यानं बाजूचं जादा बटण फोन उचलायला लावलंय. पॉवर बटणानं कॉल बंद व्हावा अशी सोय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत असते, तीही चालू केली. पडद्याला हात लागतच नाही. फक्त मला फोन लावायचा झाला की दोन्ही हात औषधात, मग मास्क खाली ओढतो आणि नाकाच्या शेंड्यानं नाव दाबतो. नाकातूनही भार तसाच वाहतो. घाम आला असेल तर मात्र माझ्याऐवजी मामांना लागतो.