कागदी पुत्र आणि अमेरिकेतील चिनी वंशशोध

अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी घराण्यांचा इतिहास शोधू लागले की पहिली अडचण आडनावापाशीच येते. तीन पिढ्या लावलेले आडनाव मुळात विकत घेतलेले असू शकते. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकी नागरिकांची मुले यांना तेवढी सूट होती. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा ‘माझा जन्म इथलाच’ असा दावा करून अनेक चिनी पुरुषांनी नागरिकत्व मिळवले. असा नागरिक गावी जाऊन आला की मुलगा झाल्याचे नोंदवी. त्या नोंदीवर पुढे पैसे मोजून दुसऱ्याच घरचा मुलगा येई. हे ‘कागदी पुत्र’.

१९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर त्यांची उलटतपासणी होई. बापाला व मुलाला वेगवेगळे बसवून विचारत : घराला पायऱ्या किती, दार कोणत्या दिशेला, विहीर कुठे, तांदूळ कशात ठेवता, शेजारी कोण? उत्तरे जुळली नाहीत तर परत पाठवणीची टांगती तलवार. म्हणून मुले बोटीवर उत्तरांच्या वह्या घोकत आणि किनारा जवळ आला की त्या समुद्रात टाकून देत.

या जबान्या आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सॅन ब्रुनो, सिअ‍ॅटल इत्यादी शाखांत आहेत. काहींना छायाचित्रे आणि हाताने काढलेले गावाचे नकाशेही जोडलेले आहेत. माणसांना चोरासारखे वागवणाऱ्या कायद्याने त्यांच्याविषयी इतकी बारीक माहिती मागे ठेवली, हे विलक्षणच. पण ती जशीच्या तशी खरी धरता येत नाही. त्यात कागदी घर आणि खरे घर एकमेकांत मिसळलेले असते. १८८२चा तो बंदीचा कायदा १९४३मध्ये रद्द झाला. १९५६ ते १९६५ दरम्यान सरकारने कागदी नात्यांच्या कबुलीजबाबाची योजना राबवली, तेव्हा काहींनी मूळ आडनाव परत घेतले. पण एकाच्या कबुलीने सगळे नातलग उघडे पडत, म्हणून पुष्कळजण गप्पच राहिले.

अशा वेळी थडग्याचा दगड उपयोगी पडतो. त्यावर इंग्रजीत कागदी आडनाव असले, तरी चिनी लिपीत बहुधा खरे आडनाव आणि मूळ गाव कोरलेले असते. मूळ अक्षर हाती लागणे फार मोलाचे. कारण चॅन, चिन, चेन, टान ही एकाच आडनावाची रूपे असू शकतात. सुरुवातीच्या काळात आलेले बहुतेक लोक ग्वांगडाँग प्रांतातल्या ताइशान, काइपिंग, एनपिंग आणि शिनहुई या चार तालुक्यांतले. मुंबईत माझगावचे सी यिप मंदिर याच चार तालुक्यांचे नाव सांगते.

गाव सापडले की घराण्याचा कुलवृत्तांत शोधायचा. सांस्कृतिक क्रांतीत असे कितीतरी ग्रंथ जाळले गेले. लपवलेले किंवा परदेशी नेलेले वाचले. शांघाय ग्रंथालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. एका पिढीतल्या भावंडांच्या नावात पुष्कळदा एकच ठरलेले अक्षर असते, त्यावरून माणसाची पिढी लागते. लेकींची नावे मात्र जुन्या वृत्तांतांत सहसा नसतात आणि सुनांचे फक्त माहेरचे आडनाव असते. अमेरिकी कागदांतही ‘वोंग शी’ असे लिहिलेली बाई म्हणजे वोंगांची लेक, सून नव्हे. हे ध्यानात न घेतल्याने आजीचा शोध सासरच्या गावात घेतला जातो आणि तिचे माहेर बाजूलाच राहते.