बालपुस्तक-चित्रकार

मुलांच्या पुस्तकांतील चित्रे काढणारा कलावंत. मुखपृष्ठ, आतली चित्रे आणि बहुतेकदा पानांची मांडणीही त्याच्याकडे असते. या कामाला ‘सजावट’ म्हणण्याची जुनी सवय आहे, पण तो शब्द फार तोकडा आहे. ज्याला अजून अक्षरओळख नाही, त्याच्यासाठी चित्र हाच मजकूर असतो.

मराठीत दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांच्या पिढीने कथाचित्राला मान मिळवून दिला. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, १९७१ पासून तिचे ‘किशोर’ मासिक निघू लागले. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्रे एकाच हातची आहेत, म्हणूनच ती एकमेकांना इतकी धरून असतात.

नाशिकच्या चित्रकाराचा हात गंगेवर घडतो. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, घाटावरचा बुधवारचा बाजार अशी रेखाटनाची जागा दुसरीकडे शोधायला नको. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतली निसर्गचित्रे येथे अनेकांनी डोळे भरून पाहिली आहेत. मुलांसाठी काढणाऱ्याला मात्र हाच घाट मांडी घालून, सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहावा लागतो. तिथून भाजीची पाटी डोळ्यांसमोर येते, माणसांचे आधी गुडघे दिसतात आणि कळस कागदाबाहेर जातो.

कथेत एवढेच वाक्य आहे असे धरू : ‘गंगेला पूर आला.’ पूर केवढा, हे नाशिकचे मूल नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून ओळखते. पाणी गुडघ्याला आहे, छातीला की गळ्याशी, यावर घरातली चर्चा ठरते. ती रेषा कुठे ओढायची हा निर्णय लेखकाचा नाही, चित्रकाराचा. चंद्रपूरच्या मुलाला मात्र ती मूर्ती किती उंच, हेच माहीत नसते. त्याच्यासाठी मारुतीच्या खांद्यावर एक भिजलेला कावळा बसवावा लागतो. वाक्यात कावळा नसतो, तरी मूल पहिले बोट त्याच्यावरच ठेवते.

संहिता हाती आली की आधी पानांचा हिशेब होतो. मोठा कागद दुमडून छापला जात असल्याने पाने साधारणतः आठ किंवा सोळाच्या पटीत असतात. मग कोऱ्या कागदांची छोटी डमी शिवून त्यात पेन्सिलीने कच्ची चित्रे बसवतात. पान उलटल्यावर काय दिसणार, हे इथेच ठरते. चेहरा दोन पानांच्या मधल्या घडीत आला, तर शिलाई त्याचे नाक गिळते. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल, तर कापणीसाठी चित्र चहूबाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर वाढवावे लागते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा चार रंगांच्या छपाईत मंदावतो, म्हणून प्रूफ पाहिल्यावाचून होकार देऊ नये. सर्वांत कडक तपासणी वाचकांचीच : तिसऱ्या पानावर शर्टाला पाच गुंड्या आणि सातव्यावर चार असल्या, तर मुले ते पकडतातच.

मानधन बहुधा एकरकमी असते. कित्येक पुस्तकांवर लेखकाचे नाव ठळक असते आणि चित्रकाराचे आत बारीक टायपात, हा अन्यायच आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रावरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. छपाईनंतर मूळ चित्रे परत मिळतील, हे करारात आधीच लिहून घ्यावे.