फडाची उचल आणि सरकारचा पैसा

गुढीपाडव्याच्या आसपास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत एक टेबल, तारखांची वही आणि व्यवस्थापक. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीप करून येतात, चार राहुट्या फिरतात, चहा घेतात, बिदागीवरून घासाघीस करतात. मग विसार हातावर पडतो आणि वहीत गावाचं नाव चढतं. चैत्र पौर्णिमेसारख्या तारखेला भाव चढा, कारण त्या दिवशी एकाच वेळी कितीतरी गावांची यात्रा असते.

हा पैसा गावाच्या वर्गणीतला. पण तो येतो हंगामाच्या शेवटाकडे. फड बाहेर पडतो दसऱ्याला, आणि त्याआधी मालकाला कलावंतांना ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते. नाचणाऱ्या मुली, ढोलकीवाला, सोंगाड्या, स्वयंपाकी, तंबू ठोकणारी माणसं, ट्रकचालक यांतला प्रत्येक जण घरी पैसे ठेवूनच आठ महिन्यांसाठी बाहेर पडतो. ही रक्कम बहुतेक वेळा सावकाराकडून येते. लोककलांना सरकारी मदत किती आणि कशी, हा वाद दरवर्षी होतो. ती मदत कोणत्या महिन्यात आणि कलावंताच्या कोणत्या वयात पोचते, हे मात्र फार कमी वेळा विचारलं जातं. म्हणून थोडं मागे जाऊन पाहायला हवं.

मराठी रंगभूमीचा आरंभच मुळी आश्रयातून झाला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्याच खर्चाने. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मानाचं स्थान दिलं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, आणि त्याला लागूनच खासबागेचं कुस्तीचं मैदान. नाटक आणि कुस्ती एकाच आवारात ठेवणाऱ्या राजाला आपली प्रजा नीट ठाऊक होती. बडोद्यात सयाजीरावांनीही हेच केलं. हा पैसा शेवटी शेतसाऱ्यातूनच आलेला, म्हणजे रयतेचाच. पण तो मिळणं न मिळणं राजाच्या रुचीवर होतं. राजा रसिक असला तर सोनं, नसला तर काहीच नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झालं. त्याच सुमारास दक्षिणेतली बाकीची छोटी संस्थानंही गेली. योगायोग असा की, याच काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदीचं संकट कोसळलं होतं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. तमाशात अश्लीलता माजली आहे, गावची तरुण पोरं बिघडतात, अशी तक्रार होती आणि १९४८ च्या सुमारास प्रयोगांना मनाई झाली. ज्यांचं पोट त्या ढोलकीवर होतं ते रस्त्यावर आले. ओरड झाली तेव्हा महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. बंदी उठली, पण संहिता आधी दाखवून मंजूर करून घ्यायची अट आली. गण, गौळण, बतावणी, वग या तमाशाच्या भागांतली बतावणी तर जागच्या जागी सुचणारी. समोर बसलेल्या पाटलाकडे बघून सोंगाड्याच्या तोंडातून निघणारा शब्द आधी कागदावर कसा आणणार? लोकशाही सरकार आणि लोककला यांची पहिली मोठी गाठ पडली ती अशी, सुधारणेच्या अटीवर. मला वाटतं, पुढच्या सगळ्या योजनांवर त्या पहिल्या भेटीची सावली आहे.

मदतीचे हातही त्याच दशकात पुढे आले, हेही तितकंच खरं. १९५३ मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमी सुरू झाली. मुंबई राज्याने १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मासिक मानधन द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी पहिल्याच वर्षी साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन केलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना त्याचं अध्यक्ष केलं. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुख्यमंत्र्याने राज्याच्या पहिल्या वर्षात संस्कृतीसाठी यंत्रणा उभारली, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

पण या सगळ्यांत गावापर्यंत खऱ्या अर्थाने पोचली ती राज्य नाट्य स्पर्धा. तिची पद्धत साधी. सरकार जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं ठरवतं, नाट्यगृह घेतं, परीक्षक पाठवतं, संघाला निर्मितीखर्चाचा काही भाग देतं. बाकी सगळं संघाचं. बँकेतला कारकून, शिक्षक, एसटीतला वाहक, एखादी नर्स अशी माणसं कामावरून सुटल्यावर कुणाच्या तरी गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात दोन-अडीच महिने तालमी करतात. प्रयोगाच्या दिवशी टेम्पोत प्लायवुडचे फ्लॅट चढवून केंद्रावर येतात. दुपारभर सेट लावायचा, प्रकाशाच्या जागा बघायच्या, संध्याकाळी तिसरी घंटा. मधल्या रांगेत परीक्षक, पुढ्यात मिणमिणता दिवा आणि कागद. तिकीट अगदी नाममात्र. एका प्रयोगासाठी एवढा जीव ओतलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उघडताना थरथरणारे हातही. या स्पर्धेतून प्रायोगिक रंगभूमी घडली, नवे नाटककार पुढे आले, व्यावसायिक रंगभूमीला नट मिळाले. पुढे बालनाट्य, संगीत नाटक, संस्कृत, हिंदी, दिव्यांग मुलांची नाटकं अशा तिच्या शाखा झाल्या.

ही योजना इतकी टिकली ती रकमेमुळे नव्हे. ठरलेली तारीख, उभा रंगमंच आणि बघणारे डोळे या तीन गोष्टी तिने दिल्या, आणि त्या उमेदीच्या वयात दिल्या. विशीतल्या मुलाला पुढच्या नोव्हेंबरात आपल्याला नाटक करायचं आहे हे आधीच माहीत असतं.

रंगमंचाचा भार मात्र नगरपालिका-महापालिकांवर पडला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली आणि २६ जून १९६८ रोजी ते सुरू झालं. त्याच्यामागोमाग अनेक शहरांनी नाट्यगृहं बांधली. बांधायला पैसे मिळतात, उद्घाटनाला पुढारी येतात, पण पंखे, पडदे, स्वच्छतागृहं आणि वीजबिल यांना वाली नसतो. तालुक्याच्या गावी नाट्यगृह लग्नाला आणि सभांना आधी जातं, नाटकाला उरलेली तारीख मिळते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बाहेर उभे राहून लोक रडत होते. पुनर्बांधणीचा निधी जाहीर झाला. पण देखभालीच्या तरतुदीसाठी आग लागायची वाट का पाहावी लागते?

गोव्याने यात वेगळी वाट धरली. मुक्तीनंतर कला अकादमी स्थापन झाली आणि मग मडगाव, साखळी, कुडचडे अशा ठिकाणी रवींद्र भवनं आली. देवळाच्या उत्सवात नाटक बसवणाऱ्या गावांना जवळच चांगला रंगमंच मिळाला.

आता मानधनाकडे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, हलाखीत असलेल्या कलावंताला हे मिळतं. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या आणि दरमहा अनुक्रमे ३,१५० , २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. म्हणजे ज्याने आयुष्यभर आपल्याच तालुक्यात पोवाडे गायले, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी. मार्च २०२४ मध्ये श्रेणीनुसार असलेला हा फरक गेला. सरसकट ५,००० रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहूंचं नाव मिळालं. हा बदल मनापासून स्वागत करावा असा आहे.

पण कागद? आमच्या शेजारच्या एका वृद्ध शाहिरांचा अर्ज मी भरून दिला होता. कलावंत असल्याचा पुरावा हवा होता. त्यांनी कापडी पिशवी उलटी केली. तीत पिवळी पडलेली दोन हस्तपत्रकं, एका सत्काराचा फोटो आणि तुटका डफ वाजवतानाचं वर्तमानपत्राचं कात्रण निघालं. “बाळा, आम्हाला पावती कुणी दिली कधी? गाणं झालं की नारळ आणि फेटा,” ते म्हणाले. अर्ज त्रुटी दाखवून दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा त्यांचा आवाज गेला होता.

विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही तमाशासम्राज्ञी अखेरच्या दिवसांत हलाखीत होती आणि जानेवारी २००२ मध्ये गेली. पुढे २००६ पासून तिच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. ज्येष्ठ कलावंतांना तो मिळतो तेव्हा आनंदच होतो. पण तिला खरी गरज होती ती फड चालू असताना, कर्जाचे हप्ते अंगावर असताना.

हे सरकारच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पूर्णवेळ आणि हंगामी तमाशा फड, कोकणातला दशावतार, विदर्भातली खडी गंमत, शाहिरी पथकं यांना भांडवली आणि प्रयोग अनुदान देण्याची योजना आली. २०१० च्या सांस्कृतिक धोरणात लोककलांचा विचार झाला, २०२४ मध्ये नवं धोरण मंजूर झालं. केंद्राने १९८०च्या दशकात उभी केलेली विभागीय सांस्कृतिक केंद्रं आहेत. त्यांतलं एक नागपुरात आहे, आणि त्यांच्या महोत्सवांमुळे गावातली पथकं परराज्यांत जाऊन येतात.

विदर्भाच्या झाडीपट्टीत याच्या अगदी उलट चित्र दिसतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने नाटकं सुरू होतात. वडसा म्हणजेच देसाईगंज इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीने आहेत, तिथे बुकिंग होतं. रात्रभर चालणारं नाटक गाव स्वतः ठरवतं, तिकीट लावतं, पाहुणे बोलावतं. सरकारी पैशाविना ही रंगभूमी उभी राहिली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मात्र गाव सोबत असलं की सरकार लागतच नाही, हे खरं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने दोन हंगाम बुडाले तेव्हा फड, दशावतारी मंडळं, झाडीपट्टीच्या कंपन्या सगळ्यांचीच चूल विझली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत ठरवली. तोवर ढोलक्या विकल्या गेल्या होत्या, कुणी भाजीची गाडी लावली होती.

माझी मागणी एकच आहे. अनुदान दसऱ्याच्या आधी फडमालकाच्या खात्यात जमा व्हावं, नाहीतर निदान तेवढ्या रकमेचं बिनव्याजी भांडवल बँकेतून मिळावं. माझ्या ओळखीचे एक फडमालक दरवर्षी भाद्रपदात उचलीची यादी करतात. मागच्या वेळी यादीत पंचेचाळीस नावं होती, पुढे प्रत्येकाची रक्कम, आणि सगळ्यांत खाली सावकाराचं नाव आणि व्याजाचा दर.