चारातलं एक मूल, हा हिशोब नेमका कसा?

थॅलेसेमिया हा आई-बाबांकडून येणारा रक्ताचा आजार; मायनर म्हणजे फक्त वाहक, स्वतः ठणठणीत, आणि मेजर म्हणजे खरा गंभीर आजार. आई-बाबा दोघंही थॅलेसेमिया मायनर असले की डॉक्टर सांगतात, बाळ मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. मग लोक काय करतात, पहिलं मूल मेजर निघालं तर म्हणतात चला, एकाचा नंबर लागून गेला, आता पुढची तीन सुटली! असं अजिबात नसतं. दर गरोदरपणात नाणं नव्यानं उडतं, आधी काय पडलं होतं ते त्याला आठवत नाही. तीन मुलं झाली आणि एकही मेजर नाही याची शक्यता ३/४ तीनदा गुणून येते, २७/६४, म्हणजे जेमतेम ४२ टक्के.

आता हे २५ टक्के येतात कुठून? जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मायनर माणसाची एक चांगली, एक बिघडलेली, आणि बाळाला दोन्हीतली कुठली तरी एकच जाते. रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञानं यासाठी चार घरांचा चौकोन काढायची पद्धत पाडली, ती आपण शाळेत घोकलेली असते. एका घरात दोन्ही चांगल्या, दोन घरांत एक-एक, एका घरात दोन्ही बिघडलेल्या.

खरी गंमत पुढे आहे. त्या मेजर मुलाची बहीण ठणठणीत आहे, तर ती मायनर असण्याची शक्यता किती? बहुतेक जण पटकन निम्मी म्हणतात. पण ती मेजर नाही हे आपल्याला आधीच माहितीये ना, मग चौथं घर खोडा, उरली तीन आणि त्यातली दोन मायनरची. म्हणजे दोन तृतीयांश.

हे मेंडेलनं वाटाण्यावर चक्क मोजून दाखवलंय, १८६६ च्या पेपरमध्ये आकडे आहेत. दुसऱ्या पिढीत गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०, हे तीनास एक सगळ्यांना पाठ असतं, पण त्यानं नंतर गोल दाण्यांपासून ५६५ झाडं वाढवली आणि त्यातल्या १९३ ना फक्त गोल दाणे आले, ३७२ ना दोन्ही प्रकारचे, म्हणजे ही आपल्या मायनरसारखी, आत एक सुरकुतलेली कॉपी लपवलेली. ३७२ म्हणजे जवळपास ६६ टक्के, तेच दोन तृतीयांश! मला तर तीनास एकपेक्षा हाच प्रयोग जास्त भारी वाटतो, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दाण्यांच्या आत काय दडलंय ते त्यानं मायक्रोस्कोप न लावता काढलं.

उंची, त्वचेचा रंग यांना मात्र हा चौकोन लावू नका, तिथे शेकडो जीन्सची खिचडी असते.

आणि त्या बहिणीनं दोन तृतीयांशावर बसून राहायचं काही कारण नाही, रक्ताची एचबीए२ टेस्ट होते (एचबीए२ हा हिमोग्लोबिनचाच एक प्रकार), मायनरमध्ये त्याचं प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असतं (अंगात लोह फार कमी असेल तर आकडा खाली दिसू शकतो, ते डॉक्टरांना विचारा). ती मायनर निघाली आणि नवऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये काहीच दोष नसला, तर मूल फार तर मायनर होईल.