किड्याची उडी: बल किती आणि त्वरण किती

ठाण्यात नववीच्या मुलांच्या वह्या तपासताना ‘गतीचे नियम’ या धड्याखाली एक वाक्य दरवर्षी हमखास भेटते: ‘उडी मारताना किडा माणसापेक्षा शेकडो पट जास्त बल लावतो.’ वाक्य साफ चुकीचे आहे आणि मुलांनी ते बहुधा मोठ्यांच्याच तोंडून उचललेले असते.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (वेग वाढण्याचा दर), हे सर्वांना पाठ असते. वस्तुमान म्हणजे शरीरातले द्रव्य आणि वजन म्हणजे त्यावरची पृथ्वीची ओढ, जी वस्तुमानाच्याच प्रमाणात असते. घोळ होतो तो ‘स्वतःच्या वजनाच्या इतके पट बल’ या शब्दांपाशी, कारण त्यांत बलाचे नाव असले तरी प्रत्यक्षात बल भागिले वजन असा भागाकार असतो आणि भागाकार झाला की उरते ते त्वरण.

केंब्रिज विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ माल्कम बरोज यांनी २००३ मध्ये तुडतुड्यांच्या नात्यातल्या, पिल्लू असताना थुंकीसारख्या फेसात राहणाऱ्या एका किड्याची उडी मोजली. किडा सुमारे १२ मिलिग्रॅमचा, त्वरण सुमारे ४००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या (पडत्या वस्तूला पृथ्वीच्या ओढीने मिळणाऱ्या त्वरणाच्या) ४०० पट. आता गुणाकार करून पाहा: बल येते जेमतेम ०.०५ न्यूटन, म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाएवढे. याउलट ६० किलोचा माणूस वजनाच्या दुप्पट रेटा देऊन उडाला, तर ते बल १२०० न्यूटन भरते, किड्याच्या सुमारे चोवीस हजार पट. त्यातला निम्मा रेटा स्वतःचे वजन पेलण्यातच जातो, म्हणून त्याचे त्वरण मात्र गुरुत्वत्वरणाएवढेच असते.

असे का, याचे बरेचसे उत्तर आकारात आहे. शरीर सर्व बाजूंनी दहापट लहान केले, तर स्नायूंचे बल त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे शंभरपट घटते, वस्तुमान मात्र हजारपट घटते; म्हणजे बल कमी झाले तरी त्वरण दहापट वाढते. म्हणूनच ‘माणसात किड्याची ताकद असती तर तो घोडबंदर रोडवरचा टॉवर ओलांडता’ हे लाडके वाक्य मला सोसत नाही. तेवढ्या ताकदीने त्याला पायातली चप्पलही उचलता यायची नाही.

अर्थात, एवढे त्वरण निव्वळ लहानपणाने मिळत नाही. हा किडा साधारण एक मिलिसेकंदात जमीन सोडतो आणि इतक्या झटकन कोणताही स्नायू आखडत नाही. त्यामुळे तो पाय आधी अडकवून ठेवतो, स्नायूंनी सावकाश ताण साठवतो आणि मग गलोलीचे रबर सोडावे तसा तो एकदम सोडून देतो.